परत येणारा डबा : गावच्या पसऱ्यावर कमी कचऱ्याची खरेदी कशी जमते

गोव्यात किराणा दुकानाला पसरो म्हणतात. डिचोली, साखळी, फोंडा, पेडणे, कुठेही जा, वाड्यावर असा एखादा पसरो असतोच. दारात केळ्यांचा घड टांगलेला, काउंटरवर बरण्या, मागे तांदळाची पोती. इथून सामान घेतलं की पर्यावरण आपोआप वाचतं, असा एक समज अलीकडे रुजलाय. तो अर्धवट आहे. पसऱ्यावरून पाच छोटी पाकिटं पाच पिशव्यांतून घरी नेली, तर कचरा मॉलमधल्या खरेदीइतकाच होतो, कधी जास्तच.

लहान दुकानाची खरी ताकद अशी की तिथे वस्तू परत जाऊ शकते. रिकामी बाटली, अंड्यांचा ट्रे, गोणपाट, डबा आणि खुद्द गिऱ्हाईक, हे सगळं आठवड्यातून दोन-तीनदा त्याच दारात येतं. घरपोच येणाऱ्या पार्सलच्या खोक्याला अशी परतीची वाट नसते. ही वाट नीट बांधली तर कचरा कमी होतो आणि दुकानदाराचा खर्चही. नीट नाही बांधली तर महिनाभरात सगळे कंटाळतात. गोम बारीकसारीक गोष्टींत असते.

काटा आणि डबा

घरचा डबा घेऊन जाऊन त्यात डाळ भरून आणायची, यात अवघड काय? वजन. कायद्याने माल निव्वळ वजनानेच विकायचा असतो. मिठाईबरोबर खोक्याचं वजन लावता येत नाही, तसंच डब्याचंही नाही. समजा, स्टीलचा डबा 240 ग्रॅमचा आहे आणि काजूगर 1,000 रुपये किलो. डब्यासकट वजन केलं तर गिऱ्हाइकाचे 240 रुपये गेले.

म्हणून आधी रिकामा डबा झाकणासकट काट्यावर ठेवायचा, 'टेअर'चं बटण दाबायचं, आकडा शून्यावर आला की माल भरायचा आणि वजन करताना झाकण पुन्हा लावायचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती नंतर. डबा उचलला की काट्यावर उणे 240 दिसतं. ते तसंच राहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कांदे थेट काट्यावर गेले, तर एक किलो कांदे 760 ग्रॅम दिसतात. दुकानदार वर आणखी कांदे घालत राहतो आणि प्रत्येक वेळी पावशेराएवढा माल फुकट जातो. संध्याकाळच्या गर्दीत असं दोन-तीनदा झालं की 'डबेवाले नकोत' असं दुकानदार ठरवून टाकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. डबा उचलल्याबरोबर टेअर पुन्हा दाबून आकडा शून्यावर आणायची सवय हाताला लागली पाहिजे. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या डब्याच्या बुडाशी पक्क्या मार्करने वजन लिहून ठेवलं तर गर्दीत तोंडी वजाबाकीही चालते.

दुसरी अडचण काट्याच्या मापाची. किराण्यातला 30 किलोचा काटा बहुधा 5 ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, आणि अशा काट्यावर 100 ग्रॅमच्या खालचं वजन विश्वासाचं धरत नाहीत. त्याच काट्यावर 20 ग्रॅम वेलची मोजली तर कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. मसाल्याचे पदार्थ सुटे विकायचे असतील तर 1 ग्रॅमच्या टप्प्याचा छोटा काटा वेगळा ठेवावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमाप खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. शिवाय काटा पंख्याखाली ठेवू नये. वाऱ्याने आकडा नाचतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात नसती शंका येते.

डबा ओला नको, हे बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहावं. तळाशी चमचाभर पाणी असलं तरी रव्यात दोन दिवसांत गाठी आणि आठवड्यात बुरशी. मग दोष रव्याला.

पिशवीचा हिशेब

प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी 30 सप्टेंबर 2021 पासून 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली. यामागचं गणित फारसं कुणी सांगत नाही. 25 बाय 35 सेंटीमीटरची 120 मायक्रॉनची पिशवी साधारण 20 ग्रॅमची होते. प्लास्टिकचा दर किलोला 150 रुपये धरला तर एका पिशवीला 3 रुपये. ती फुकट देणं परवडू नये आणि गिऱ्हाइकाने ती टाकू नये, हा जाडी वाढवण्याचा हेतू. प्रत्यक्षात जिथे पातळ पिशव्या अजून चोरून चालतात तिथे हा हेतू पाण्यात जातो, आणि नियम पाळणारा दुकानदार महागडा दिसतो. ही तक्रार रास्त आहे.

बाजारात 'कापडी' म्हणून मिळणारी, कागदासारखी दिसणारी, बारीक ठिपक्यांचा छाप असलेली पिशवी कापडाची नसते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. तिचं कापड चौरस मीटरला किमान 60 ग्रॅमचं असावं असा नियम आहे. उन्हात राहिली की तिचा चुरा होतो आणि तो चुरा गोळा करता येत नाही. 'कंपोस्टेबल' पिशवीचीही गंमत आहे. ती कुजायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. माडाच्या आळ्यात पुरली तर महिनोन्‌महिने तशीच राहू शकते, आणि भंगारातल्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तोही माल बिघडवते. दुकानदाराने ती घ्यायचीच असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलेलीच घ्यावी.

खरी कापडी पिशवी शिवायला जुनं लुगडं, चादर किंवा पडदा पुरतो. पिशवीचे बंद तळापर्यंत शिवून घ्यावेत. नुसते तोंडाशी टाचलेले बंद पाच किलो तांदळाला उसवतात. काही ठिकाणी दुकानात 'पिशवी न्या, परत आणा' अशी खुंटी ठेवतात. 30 पिशव्या टांगल्या जातात आणि तीन आठवड्यांत खुंटी रिकामी होते. लोक वाईट नसतात. पिशवी घरी इतर पिशव्यांत मिसळते, बस्स. प्रत्येक पिशवीमागे 10 रुपये ठेव घेतली आणि पिशवीवर दुकानाचा ठळक शिक्का मारला की पिशव्या परत येऊ लागतात.

वर्तमानपत्राच्या पुड्यांबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या पर्यावरणपूरक मानल्या जातात. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. शाई अन्नात उतरते, आणि तेलकट किंवा गरम पदार्थात तर झपाट्याने. भजी, खाजं, फरसाण यांना कोरा कागद किंवा केळीचं पान. सुटी फुलं सागाच्या पानात बांधायची आपली जुनी पद्धत आजही उत्तम चालते, फक्त पान धुऊन, पुसून घ्यावं.

बाटली, ठेव आणि घाण्याचं तेल

परतीची वाट सर्वांत चांगली जमते ती काचेच्या बाटलीत. त्यासाठी घाण्याचं खोबरेल हा योग्य माल: गावातच निघतं, खप कायम असतो आणि बाटली वर्षानुवर्षं टिकते. फक्त कायद्याची एक बाजू ध्यानात ठेवावी. खाद्यतेल सुटं विकायला मनाई आहे, म्हणून घरची बाटली आणून पिंपातून भरून घेणं बसत नाही. घाणेवाल्याने सील आणि लेबल लावून भरलेली बाटली विकायची आणि रिकामी परत घ्यायची, हा त्यातला सरळ मार्ग. दळलेल्या मसाल्यांचंही तसंच. पूड पाकिटातच विकावी लागते. अख्खे धणे, मिरी आणि मिरच्या मात्र सुट्या चालतात. त्या घेऊन गिरणीवर दळून आणणं पाकिटाच्या मसाल्यापेक्षा स्वस्तही पडतं.

ठेव किती? नवी बाटली दुकानदाराला ज्या दराला पडते तेवढी, समजा 20 रुपये. पाच रुपये ठेवली तर बाटली घरच्या फ्रिजमध्ये पाण्यासाठी राहते. पन्नास ठेवली तर गिऱ्हाईक बाटली बघूनच मागे सरतं. ठेव बिलावर वेगळ्या ओळीत लिहावी, नाहीतर 'तेल महाग झालं' अशी बोंब होते.

परत आलेली बाटली घेताना नाकाशी धरावी. रॉकेल, फिनेल, कीटकनाशक यांचा वास असेल तर ती कायमची बाद. तो वास धुऊन जात नाही. तोंडाला कपची उडालेलीही बाद, सील नीट बसत नाही. उरलेल्या बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालायच्या, ब्रशने आतून घासायच्या, दोनदा स्वच्छ पाण्याने खळखळून उपड्या ठेवायच्या. खरी परीक्षा त्यानंतर. बाटली पूर्ण कोरडी व्हायला हवी. पाण्याचा एक थेंब आत राहिला तरी खोबरेल गढूळ होतं आणि लवकर खवट लागतं. एप्रिलच्या उन्हात एक दिवस पुरतो. जुलैत चार दिवसही पुरत नाहीत, तेव्हा ओव्हनमध्ये किंवा गरम हवेच्या कपाटात वाळवणं आलं. ज्याच्याकडे ती सोय नाही, त्या घाण्याने जून ते सप्टेंबर रिकाम्या बाटल्या नुसत्या साठवून ठेवाव्यात. झाकण दर वेळी नवंच घ्यायचं. जुनं झाकण वरून बरं दिसलं तरी आतला रबर तेल धरून ठेवतो.

ही व्यवस्था मोठी वाटत असेल तर सुरुवात अंड्यांच्या ट्रेपासून करावी. 30 अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे गिऱ्हाईक परत आणतं, अंडीवाला पुढच्या फेरीत उचलतो, खर्च शून्य. डाग पडलेला किंवा भिजलेला ट्रे मात्र घेऊ नये, त्यातून जंतू पसरतात. दुधाच्या पिशव्याही धुऊन, वाळवून दुकानात साठवता येतात. भंगारवाला त्या घेतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा. तो बोटाच्या पेराएवढा तुकडा गटारात जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही.

सुटा माल आणि गोव्याचा पाऊस

सुट्या मालाचं कौतुक करणारे बहुतेक लेख कोरड्या हवेत लिहिलेले असावेत. इथे जूनपासून हवा इतकी दमट असते की पोत्याचं तोंड उघडं राहिलं तर तांदूळ ओलावा ओढून घेतात. धान्यातला ओलावा 13 टक्क्यांच्या वर गेला की पोरकिडे आणि बुरशी दोघांनाही रान मोकळं. तांदळातला सोंड्या किडा उबदार हवेत महिन्याभरात अंड्यापासून पूर्ण वाढतो. म्हणजे आज दिसलेले दोन किडे महिन्यापूर्वीच्या हलगर्जीचे असतात, आणि दाण्याच्या आतली अंडी तर दिसतही नाहीत.

त्यामुळे पावसाळ्यात सुट्या मालाची एकच शिस्त: पंधरा दिवसांत खपेल एवढंच उघडायचं. रोज तीन किलो मूगडाळ जात असेल तर 45 किलोहून जास्त नको. पोती भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून चार बोटं उंच फळीवर ठेवावीत. नवा माल जुन्यावर ओतू नये. कोठी आधी रिकामी करून, तळ झाडून, उन्हात किंवा कोरड्या फडक्याने सुकवून मगच भरावी. तळाशी उरलेल्या मूठभर जुन्या दाण्यांतूनच नव्या मालाला कीड लागते. कडुनिंबाचा पाला घालतात, त्याने थोडा फरक पडतो. ओलसर पाला घातला तर उलट बुरशी येते. घरी आणलेली डाळ फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवली तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये, थंड दाण्यांवर दव धरतं.

ज्या पसऱ्यावर दिवसाला दहाच गिऱ्हाइकं येतात त्याने पंधरा प्रकारच्या डाळी सुट्या ठेवू नयेत. किडलेला माल फेकणं हा पाकिटापेक्षा मोठा अपव्यय. तांदूळ, तूरडाळ, साखर, गहू, कुळीथ, एवढं सुटं पुरे.

'गावठी' या पाटीची किंमत

गोव्यातली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती सवलतीत मिळते आणि घरोघरच्या खर्चाला त्याचा मोठा आधार आहे. तिच्याशी दरात स्पर्धा करणं गावच्या पसऱ्याला शक्य नाही, करूही नये. त्याने ती भाजी ठेवावी जी घाटावरून ताजी येऊच शकत नाही. श्रावणात सात शिरांची भेंडी, तवशी (काकडी), दोडकी, अळू, तायकिळो (टाकळा). थंडीत तांबडी भाजी, मुळा, आगशीची वांगी, वायंगणातले (हिवाळी पिकातले) अळसांदे, म्हणजे चवळी.

पालेभाजी टिकत नाही म्हणून दुकानदार ती घ्यायला बिचकतो. तांबड्या भाजीची जुडी उभी ठेवून मुळं दोन बोटं पाण्यात बुडवली आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर सकाळची जुडी संध्याकाळपर्यंत ताठ राहते. पानांवर सारखं पाणी मारलं तर ती काळी पडून सडतात. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पैशांचा व्यवहार मात्र बदलायला हवा. 'विकलं तर पैसे, नाहीतर परत' या पद्धतीत सगळा धोका भाजी पिकवणाऱ्या बाईवर पडतो. संध्याकाळी कोमेजलेल्या दहा जुड्या परत घेऊन ती करणार काय? दुकानदाराने रोजच्या ठरावीक वीस जुड्या रोख घ्याव्यात आणि स्वतःची जोखीम गिऱ्हाइकांकडून आधी मागणी घेऊन कमी करावी. पोदेराकडे, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याकडे, बघा. सायकलवरची टोपली, भोंगा, दारावर अडकवलेली पिशवी, आणि कुठल्या घरी किती पोळे, किती उंडे हे पाठ. पाकीट लागत नाही आणि टोपलीत फारसं उरत नाही, कारण मागणी आधीच ठरलेली असते. मंगळवार-शुक्रवार भाजी हवी असणाऱ्या पंचवीस घरांची यादी व्हॉट्सअॅपवर झाली तर पसऱ्यावरही हे जमतं. आदल्या रात्री आठपर्यंत मागणी, सकाळी दहापर्यंत उचल. न उचललेल्या जुडीचे पैसे द्यायचेच, हा नियम पहिल्या दिवसापासून. नंतर लावला तर भांडण.

आणि बेळगावच्या भेंडीवर 'गावठी' अशी पाटी लावू नये. गावठीसाठी गिऱ्हाईक दुप्पट दर देतं ते विश्वासावर. पाटीवर गावाचं नाव आणि तोडणीची तारीख खडूने लिहिली की शंका उरत नाही. महिला गटांचे पापड, लोणची, आमसुलं, खाजं ठेवतानाही पाकिटावर 14 अंकी अन्ननोंदणी क्रमांक, तारीख, निव्वळ वजन आणि किंमत आहे ना, हे दुकानदाराने बघून घ्यावं. तपासणी झाली तर जबाब दुकानदारालाही द्यावा लागतो. सुरुवातीला प्रत्येक वस्तूची सहा पाकिटंच घ्यावीत. लोणचं खपलं नाही तर खपेल ते ठेवावं, भिडेखातर फळी अडवू नये.

पुरुमेंत: वर्षातली एक मोठी फेरी

पावसाळ्याआधी वर्षाची बेगमी करायची, तिला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द 'प्रोविमेंतु'. उकडे तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, आमसुलं, कांद्यांच्या माळा. जून-जुलैत मासेमारीला 61 दिवस बंदी असते, तेव्हा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किंमत कळते. कमी पाकिटं, कमी फेऱ्या, जवळचा माल, असं सगळं या एका चालीत आहे. ती मागे पडली कारण घरं लहान झाली आणि महिन्याच्या पगारातून एकदम मोठी रक्कम काढणं जड जातं.

पसऱ्यावर याची सोय होऊ शकते. जानेवारीपासून दरमहा 500 रुपये जमा केले तर एप्रिलअखेर 2,000 होतात, तेवढ्याची मागणी मेच्या पहिल्या आठवड्यात नोंदवायची. पन्नास घरांची मागणी एकत्र झाली की दुकानदार मिरच्या आणि तांदूळ घाऊक भावात थेट उचलू शकतो. पैसे वहीत आणि गिऱ्हाइकाच्या कार्डावर, दोन्हीकडे लिहावेत. मिरची घेताना मूठभर हलवून बघावी. बिया खुळखुळल्या नाहीत तर ती अजून ओली आहे आणि ऑगस्टमध्ये तिला बुरशी येणार. मिठाचं जरा अवघड आहे. आगरातलं जाडं मीठ इथल्या स्वयंपाकात रुळलेलं, पण खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्तच हवं असा नियम आहे, त्यामुळे साधं आगरी मीठ दुकानदाराला माडाच्या खतासाठी म्हणून वेगळं ठेवावं लागतं.

दुकानापुढची जागा

वाड्यावरच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच राहिली, तर ते पहिल्यांदा पसरकाराच्या ध्यानात येतं. कुणाची किल्ली ठेवायची, कुणाचं पार्सल घ्यायचं, कोण छत्री दुरुस्त करतो, मिक्सर कोण उघडतो, हेही त्याच्याकडे विचारतात. हे सगळं टिकायला दुकानापुढे थांबता आलं पाहिजे. दोन माणसांचा बाक, पत्र्याची चार फूट सावली आणि एक फळा एवढं पुरतं. फळ्यावर दुरुस्ती करणाऱ्यांचे वार लिहावेत: मेअखेर छत्रीवाला, महिन्यातून एकदा सुऱ्यांना धार लावणारा. बाक रस्त्यावर पुढे आला तर पंचायतीची नोटीस येते, म्हणून तो ओट्याच्या आतच हवा.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दोन दिवस हीच जागा माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान घेऊन आलेल्या बायकांना द्यावी. रानातली फळं, आंबाडे, मातुळिंगं, सुपाऱ्यांचे घोस घेऊन त्या पहाटेपासून बसतात. त्यांच्याकडे पिशव्या नसतात, सुटे पैसे नसतात आणि पाऊस आला की आडोसा नसतो. आदल्या दिवशी दहा-वीसच्या नोटा बँकेतून आणून ठेवाव्यात, ताडपत्रीचा दोर उतारावर बांधावा म्हणजे मध्ये पाणी साचून ती फाटत नाही, आणि ठेवीच्या पिशव्या त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट काढाव्यात. त्यातल्या बऱ्याचशा दीड दिवसाच्या गणपतीनंतर, नारळ आणायला येणाऱ्यांबरोबर परत येतात.